नऊ जणांचा एक वाढदिवस

शहाऱ्यांच्या घरात वर्षातून एकदाच वाढदिवस व्हायचा, पण तो नऊ जणांचा व्हायचा. गुलाबराव, त्यांची तीन लेकरं आणि पाच नातवंडं, साऱ्यांची कागदावरची जन्मतारीख एकच : चौदा एप्रिल. बिरसीत नवा आलेला माणूस हे ऐकून आधी हसायचा, मग गुलाबरावांच्या चेहऱ्याकडे बघून हसू गिळायचा. याची सुरुवात रेल्वेच्या भरतीत झाली. कारकुनानं जन्मतारीख विचारली, तेव्हा विशीतल्या गुलाबला ती ठाऊकच नव्हती. आईला विचारलं तर ती म्हणायची, ज्या साली वाघनदीचा पूर घरात शिरला त्या साली. दोनच वर्षांपूर्वी तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. छाती काढून म्हणाला, "चौदा एप्रिल लिवा." कारकुनानं मान वर करून पाहिलं आणि लिहिलं. पुढे घरातलं एकेक लेकरू शाळेत घालायला गुलाबराव स्वतः जात आणि दरवेळी तीच तारीख लिहवून येत. मुलीच्या मुलालासुद्धा त्यांनी सोडलं नाही, जावयाला पटवून त्याचीही तीच करून घेतली.

फक्त कलाबाईंना तारीख नव्हती. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या जन्मल्या कधी हा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

दोन हजार दहा सालची चौदा एप्रिल मात्र सुरुवातीपासूनच वाकडी होती. सकाळी विहारात वंदना झाली, झेंडा चढला, पोरांनी जयजयकार केला, सारं नेहमीसारखं. पण घरी आल्यावर कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. मोठ्या मुलाची, राजदीपची पोरगी रीना पुस्तकात तोंड खुपसून बसली होती. दहावीचा शेवटचा पेपर होऊन महिना होत आला होता, तरी पुस्तक कशाला लागतं हे तिला कोणी विचारलं नाही. राजदीप उगाच सायकलची चेन काढून पुसत होता. ऊन असं तापलं होतं की छपरीच्या टिनाकडे पाहवत नव्हतं.

चुलीपुढे कलाबाई सुवाऱ्या तळत होत्या आणि सून शामकला लाटून देत होती.

"का वो शामकला, थ्या देशात भात भेटते का?"

"मालूम नाही जी, आत्याबाई."

"गाई आहेत म्हने थ्या लोकाइच्या घरी. दोनशे."

"हो जी. फोटो दाखवला रीनानं."

"दोनशे गाईचं शेन कोन काढत असंन?" कलाबाई म्हणाल्या आणि झारा कढईवर आपटला. नातीनं जावं असं त्यांना वाटत नव्हतं. न जाण्यानं ती आयुष्यभर आपल्याला बोल लावील, हेही त्यांना दिसत होतं. दोन्हीकडून जीव टांगणीला लागला की बाईमाणसाला शेणच आठवतं.

शामकला पुढची सुवारी लाटायला लागली. ती बोलायचीच कमी. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासऱ्यासमोर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. गुलाबराव घरात आले की तिचा पदर डोक्यावर जाई आणि ती दाराआड जाई.

गोष्ट अशी होती. नागपूरची एक संस्था दरवर्षी विदर्भातली सहा पोरं वर्षभरासाठी परदेशी शाळेत पाठवायची. खर्च सारा संस्थेचा. यंदा चारशे पोरांतून निवडलेल्या सहांत रीनाचं नाव होतं. डेन्मार्कमधलं कुटुंबही ठरलं होतं, त्यांनी पत्र पाठवून तिची खोली कोणत्या खिडकीकडे आहे तेसुद्धा कळवलं होतं. अट एवढीच की जन्म एक जुलै चौऱ्याण्णवच्या नंतरचा पाहिजे. रीनाच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर नऊ नोव्हेंबर चौऱ्याण्णव होतं आणि तिनं फॉर्मवर तेच भरलं होतं. शाळेच्या दाखल्यावर मात्र होतं चौदा एप्रिल चौऱ्याण्णव.

संस्थेनं दोन्ही कागद समोरासमोर ठेवले आणि विचारलं, खरं कोणतं? पंधरा तारखेच्या दुपारी बारापर्यंत, ज्यानं शाळेत नाव घातलं त्याचं प्रतिज्ञापत्र आणा, नाहीतर जागा सातव्या नंबरच्या पोराला जाईल. नाव घातलं होतं गुलाबरावांनी. राजदीप तेव्हा भिलईला ठेकेदाराकडे वेल्डिंगच्या कामावर होता. पंधरा तारीख म्हणजे उद्या.

दीडच्या सुमाराला संघदीपची मोटरसायकल अंगणात शिरली.

संघदीप धाकटा. गोंदियात सरकारी कचेरीत कारकून, घरातला कागदपत्रांचा माणूस. कोणाचा सातबारा असो की रेशनकार्ड, काम त्याच्याकडे. चार दिवस तोच धावत होता. पुतणी परदेशी जाणार हे त्यानं कचेरीत पेढे न देता नुसतं सांगूनच अर्ध्या गावाला कळवलं होतं. आल्या आल्या तो घोटभर पाणी प्यायला आणि त्यानं बॅगेतून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला स्टॅम्पपेपर काढला.

"झालं काम. नोटरी सुट्टीच्या दिवशी घरीच बसते. सातच्या आत सही करून आना म्हने. उद्या सकाळच्या गाडीनं दादा आन रीना नागपूर. टेन्शन खतम."

गुलाबराव छपरीत खाटेवर बसले होते. पांढरा सदरा, खांद्यावर निळा दुपट्टा. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं.

"सही कुठं कराची थे दाखवतो," संघदीप पेनचं टोपण काढत म्हणाला.

"वाचल्याबिगर?"

"साधंच हाय बाबूजी. फॉरमॅट राहाते तो."

"अडतीस वर्सं रेल्वेत वाचल्याबिगर सही नाही केली मी. रीना, ये इकडं. वाच."

रीना उठून आली. कागद तिनंही पहिल्यांदाच हातात घेतला होता. तिनं वाचायला सुरुवात केली आणि तेवढ्यात डोक्यावरून विमान आलं. गावाजवळच्या धावपट्टीवर पायलट व्हायला शिकणारी पोरं दिवसभर गावावरून गिरक्या घ्यायची. विमान जाईपर्यंत बोलणं थांबवायची साऱ्या गावालाच सवय होती. तेवढ्या वेळात रीनाची नजर पुढच्या ओळींवर गेली आणि विमान गेलं तरी ती वाचेना.

"वाच नं," गुलाबराव म्हणाले.

"मी, गुलाब बकाराम शहारे, वय अंदाजे बहात्तर वर्षे, धंदा शेती, राहणार बिरसी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझी नात कुमारी रीना हिला सन दोन हजार साली शाळेत दाखल करतेवेळी..." ती थांबली.

"करतेवेळी?"

"...मी अडाणी व अज्ञानी असल्यामुळे, तिची जन्मतारीख चुकीने चौदा एप्रिल अशी सांगितली. सदर तारीख खोटी असून..."

"पुरे."

रीनानं कागद खाली घेतला.

"कोनं लिवलं हे?" गुलाबरावांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. संघदीपला लहानपणापासून ठाऊक होतं, बाबूजींचा आवाज चढला तर ठीक, न चढला तर पळायचं.

"छोटेलाल टायपिस्टनं. सारे असंच लिवतात जी. गावातला म्हातारा मानूस म्हटला का अडाणी लिवाचं, म्हंजे काम सटकन होते. कोनी वाचत नाही थे."

"मी वाचून घेतलं नं आता."

"बाबूजी..."

"मी चौथी पास आहो. आमच्या वस्तीतला पयला. मास्तर बाहेर बसवे मले, पायरीवर, पावसात. तरी पास झालो. रेल्वेत रोज रजिस्टर भरत होतो, माह्या हातानं. आन तू मले अडाणी लिवून आनतं? माह्याच घरी? आजच्या दिवशी?"

"मंग काय लिवाचं होतं?" संघदीपही तापला. "तारीख चुकली हे तं खरं हाय नं?"

"चुकली नाही." गुलाबरावांनी दुपट्टा सारखा केला. "पोरगी धान कापाच्या दिवसात झाली हे मले मालूम होतं. मी जानून सांगतली. आमाले गावात कोनी मानसात मोजे नाही. ज्या मानसापायी आमी मानसात आलो, त्याचा दिवस मी माह्या लेकराइले देल्ला. थे खोटं हाय म्हनून मी लिवून देऊ?"

हे बोलणं रीनानं लहानपणापासून ऐकलं होतं आणि दरवेळी तिचा ऊर भरून यायचा. शाळेत पोरी चिडवायच्या, तुमच्या घरी सारे एकाच दिवशी कसे गं पैदा होतात, तेव्हा ती ताठ मानेनं हेच उत्तर द्यायची. आज मात्र ते ऐकून तिला रडू यायला लागलं, आणि आपल्याला रडू का येतंय याची तिला लाजही वाटली. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की बाकी सारं त्यापुढे पातळ होऊन गेलं होतं. मामांचं गाव आमगाव आणि परीक्षेपुरतं नागपूर, याच्यापुढे तिनं काही पाहिलं नव्हतं. चारशे पोरांत ती कोणाच्या ओळखीनं निवडली गेली नव्हती, कोणाच्या सवलतीनं नाही. तिथे कोणी तिला आडनाव विचारून गप्प होणार नव्हतं.

"आबाजी," ती म्हणाली, "फॉर्मवर मी खरी तारीख लिवली. मी तरी काय कराचं होतं?"

"तू बराबर केली बाई. तुह्यावर राग नाही." गुलाबराव संघदीपकडे वळले. "दुसरा कागद कर. त्यात लिव का मी जानून सांगतली. आता सही करतो, खुशीनं करतो."

संघदीपनं कपाळावर हात मारला. पण बाप अर्धा तरी वळला, हे काही कमी नव्हतं. त्यानं छोटेलालला फोन लावला आणि साऱ्यांना ऐकू यावं म्हणून मोबाइल खाटेवर ठेवला.

"जानबूझकर?" पलीकडून छोटेलाल ओरडला. "अरे भाई, जानबूझकर लिखोगे तो नोटरी साहब कागज को हाथ नहीं लगाएँगे. उल्टा केस बनेगा बुढऊ पर. और सुनो, एक का निकला ना, तो पूछेंगे घर में और किस-किस का ऐसा किया. चुपचाप अनपढ़ वाला करवा लो."

फोन बंद झाला. संघदीप मात्र फोनकडेच बघत राहिला. घर में और किस-किस का. त्याच्या सर्व्हिस बुकावर चौदा एप्रिल होतं. त्याच्या दोन्ही पोरांच्या दाखल्यांवर होतं. कचेरीत त्याच्या बढतीवर टपून बसलेले दोघं होते, आणि त्यातल्या एकाला नुसता वास लागला असता तरी पुरे होतं. चार दिवस पुतणीच्या कौतुकात आपण स्वतःचीच चौकशी टाइप करून आणली, हे त्याला आत्ता कळत होतं.

दारात येऊन उभ्या राहिलेल्या कलाबाईंना हे काहीच कळलं नाही. त्या सहज म्हणाल्या, "संघदीपचीही कुठं खरी हाय? हा तं पोळ्याच्या पाडव्याचा. मारबतीचा पुतळा घेऊन पोट्टे वरडत होते आन हा वरडत होता."

"माय, तू चूप राय!" संघदीप खेकसला. मग त्यानं स्टॅम्पपेपरची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "राहू द्या. नोको हे लफडं. एवढं मनावर घेऊन राहिले बाबूजी, तं कायले जबरदस्ती कराची? पोरगी हुशार हाय, पुढच्या वर्सी पाहू."

"पुढच्या वर्षी वय बसत नाही, काकाजी," रीना म्हणाली. "तुमीच तं सांगतलं होतं मले."

संघदीप मोटरसायकलची किल्ली शोधायला लागला.

राजदीपनं सायकलची चेन खाली ठेवली. इतका वेळ तो एक शब्द बोलला नव्हता, आणि का बोलला नव्हता हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. संस्थेचं पत्र आल्यापासून रोज सकाळी उठल्यावर त्याच्या मनात पहिला विचार यायचा : हे फिसकटलं तर बरं होईल. पोरगी जन्मली तेव्हा तो भिलईला होता. ती शाळेत गेली तेव्हाही भिलईलाच. आठ वर्षांपूर्वी कामठ्याच्या रस्त्यावर स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकलं, तेव्हा कुठं लेक त्याच्या वाट्याला आली. ती आता डेन्मार्कला जाणार आणि परत येईल ती दुसरीच कोणीतरी होऊन येईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. बाबूजी नाही म्हणाले तेव्हा त्याला मनातून बरंच वाटलं होतं. पण भावानं कागद खिशात घातला तसा त्याच्या डोक्यात जाळ झाला. आपण लेकीला थांबवावं ते मायेनं. यानं थांबवावं ते नोकरीसाठी?

"कागद काढ," राजदीप म्हणाला.

"दादा, तुले समजत नाही..."

"सारं समजते. तुह्या तारखेले जपाले माही पोरगी बसव म्हनतं. काढ थो कागद."

"माह्या लेकराबाळाच्या तोंडातला घास जाईन, त्याचं काय? उद्या चौकशी लागली तं तू पोसशीन का आमाले?"

"परवा कचेरीत छाती फुगवून कोन सांगे, माही पुतनी फॉरेनले जाऊन राहिली म्हनून?"

"थेव्हा मले हे मालूम नव्हतं!"

राजदीपनं पुढे होऊन भावाच्या खिशात हात घातला. संघदीपनं मनगट धरलं. चाळिशीतले दोघे भाऊ वाढदिवसाच्या दिवशी अंगणात एकमेकांना झोंबले आणि खिशाची शिवण टरकन फाटली. "अरे बापा, बापा," म्हणत कलाबाई मधे पडल्या. कागद राजदीपच्या हातात आला. कोपऱ्याला चुरगळला होता, फाटला नव्हता.

"खाली बसा दोघंही," गुलाबराव म्हणाले. "कागद कोनाजवर हाय त्यानं काय होते? सही माही लागते. आन मी अडाणी म्हनून कोनासमोर उभा राहिलो नाही आतापावत. इंग्रजी बोलनाऱ्या साहेबासमोर नाही राहिलो. नाही गेली पोरगी डेन्मार्कले, तं काय मरून राहिली का? इथं शाळा नाही? कॉलेज नाही?"

"आबाजी," रीनाचा आवाज चिरकला, "तुमाले तुमचा दिवस पाहिजे. माह्या वर्षाचं तुमाले काहीच नाही."

"रीना!" कलाबाई ओरडल्या.

बोलून झाल्यावर रीनाला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. ज्यानं तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, पाढे शिकवले, मुलगी म्हणून एक दिवस कमी लेखलं नाही, त्याला ती हे बोलली होती. पण शब्द मागे घ्यावे असंही तिला वाटेना. ते खरे होते.

तेव्हा दारातून शामकला बाहेर आली. हाताला कणीक तशीच होती. पदर डोक्यावर होता, पण ती दाराआड थांबली नाही. छपरीच्या पायरीपर्यंत आली आणि खाली बघतच बोलली.

"मामाजी, मी बोलू का?"

गुलाबराव चकित होऊन वळले. "बोल."

"मी बांधीत धान कापत होती जी. नऊ नोव्हेंबरले. हे नव्हते, भिलईले होते. तुमी ड्युटीवर होते. सकारपासून कंबर दुखे, मले वाटलं कापनीनं दुखून राहिली. मंग धुऱ्यावर बसली, थे उठताच नाही आलं. आत्याबाईनं लुगडं आडवं धरलं, पलीकडच्या बांधीत गडी होते म्हनून. नाळ आत्याबाईनंच कापली. मंग माहं रगत थांबे नाही. बैलबंडीत टाकून नेलं मले गोंदियाले. बंडीत मले वाटलं, मी काही वाचत नाही, पन पोरगी वरडत होती तं मी डोरे उघडे ठेवले."

ती श्वास घ्यायला थांबली. राजदीप बायकोकडे बघत होता. यातलं अर्धं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"थो दिवस माहा होता, मामाजी. माह्याजवर दुसरं काही नाही, थो एक दिवस होता. तुमी पोरीले शाळेत घेऊन गेले आन माहा दिवस बाबासाहेबाले देऊन टाकला. मी काहीच म्हटली नाही. बाबासाहेबाले कोन नाही म्हनंन? पन तुमी मले विचारलं नाही. आत्याबाईले तरी कुठं विचारलं? तीन लेकरं काढली त्याइनं."

कलाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत नव्हत्या. पन्नास वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"तुमी अडाणी नाही जी," शामकला म्हणाली. "पन पोरगी कवा झाली हे दवाखान्यातल्या बाईनं मले विचारून लिवलं होतं, थेच पंचायतीत गेलं. तिनं विचारलं मले."

एवढं बोलून ती तिथंच पायरीवर बसली. कणकेचे हात मांडीवर तसेच ठेवून.

विमान आलं, गेलं. आपण सुनेचं काही घेतलं असेल, हे गुलाबरावांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. आयुष्यभर ते देणारे होते. ज्याला तारीख नाही त्याला तारीख दिली, आणि साधीसुधी नाही, साऱ्या दिवसांत मोठी. देताना आधीचं काही पुसलं जातं, हे आज कळत होतं. रागावावं तर कोणावर? सून एक शब्दही खोटं बोलली नव्हती.

"किती वाजता झाली?" त्यांनी विचारलं.

शामकलानं पहिल्यांदा मान वर केली. "दिवस बुडाच्या आधी जी. चार-साडेचार असतीन."

"हं."

मग ते राजदीपला म्हणाले, "मंडळाच्या शिक्क्याचं पॅड आत फळीवर हाय. आन."

"पॅड कायले बाबूजी? सही तं पेननं..." संघदीप म्हणाला.

"आन म्हटलं नं."

जयंती मंडळाचे कागद गुलाबरावांच्याच घरी असत. राजदीपनं जांभळ्या शाईचं पॅड आणून खाटेवर ठेवलं. गुलाबरावांनी झाकण उघडलं, डाव्या हाताचा अंगठा शाईवर दाबला आणि इकडून तिकडे फिरवला.

"बाबूजी, अंगठा नोको!" संघदीपचाच आवाज फुटला. खिसा लोंबत होता त्याचा. "सही करा जी. सही चालते."

"अडाणी लिवलं हाय नं कागदात?" गुलाबराव म्हणाले. "अडाण्याची सही राहाते का कुठं? जानून सांगतली असं लिवू देल्लं असतं, तं सही केली असती, पूर्ण नावाची. हा कागद अंगठ्याचा हाय."

"असं नोको करू," कलाबाई म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनी कधी अरेतुरे केलं नव्हतं, आज निघून गेलं. स्वतः त्या जन्मभर अंगठाच उठवत आल्या होत्या. लग्न झाल्या झाल्या ह्याच माणसानं राखेत बोट फिरवून त्यांना 'क' शिकवायचा हट्ट धरला होता, दोन महिने. त्यांना तो कधी जमला नाही आणि त्यानं कधी हसं केलं नाही. ह्या घरात अंगठा उठवणारी मी एकटी, तेवढं पुरे होतं, असं त्यांना म्हणायचं होतं, पण शब्द येईनात.

गुलाबरावांनी राजदीपच्या हातातून कागद घेतला, खाटेवरची नातवंडांची पाटी मांडीवर घेऊन तिच्यावर सरळ केला, चुरगळलेला कोपरा कोपरानं दाबला. मग सुनेकडे वळून म्हणाले, "तुहा दिवस तुले, बाई." आणि अंगठा कागदावर टेकवला. घट्ट दाबला. उचलला, तेव्हा जांभळी रेघन् रेघ स्वच्छ उमटली होती.

"आता बाजूले लिवा लागते," संघदीप खालच्या आवाजात म्हणाला. कारकुनाचं डोकं आपोआप चालत होतं. "निशानी डावा अंगठा, आन नाव. कोनीतरी लिवून देते थे."

"तू लिव," राजदीप म्हणाला.

"माहा हात नोको त्यात, दादा. तूच लिव."

राजदीपनं पेन घेतलं, बापाच्या शाईच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि पेन तसंच धरून राहिला.

"जिले जायचं हाय थे लिवीन," गुलाबराव म्हणाले. "रीना, ये."

रीना हलेना. तिला पाहिजे होतं ते समोर होतं. एक ओळ लिहायची, की डेन्मार्क. त्या घरातली खिडकी, ती शाळा, ते सारं वर्ष. आणि ती ओळ अशी होती की जन्मात पुन्हा कोणाच्या तोंडाकडे बघू नये. नको म्हणावं, कागद फाडून टाकावा, असं एक क्षण तिच्या मनात आलं. पण तिला जायचं होतं. तिला अजूनही जायचंच होतं, आणि हेच तिला सर्वांत जास्त भाजत होतं.

ती खाटेजवळ गुडघ्यावर बसली. राजदीपनं पेन तिच्या हातात दिलं. गुलाबरावांनी पाटी तिच्यापुढे धरली, आजोबा नातीला धरतात तशी, हलू नये म्हणून दोन्ही हातांनी. तिनं लिहिलं : निशाणी डावा अंगठा. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून तिनं तोंड बाजूला केलं, पुसलं आणि नाव लिहायला घेतलं. 'गुलाब' लिहिताना 'ला'चा काना तिरका गेला.

"नीट काढ," गुलाबराव म्हणाले. "तिकडचे लोक वाचतीन."